कौल आणि निकाल: गर्भछाननीचे अर्धशतक

1968 साली गर्भजलातील पेशींवरून डाउन सिंड्रोमचे प्रसूतिपूर्व निदान झाल्याचे प्रथम प्रसिद्ध झाले. परंतु सुईने गर्भजल काढण्यात गर्भपाताचा धोका असल्याने ती परीक्षा कोणाची करावी, हे ठरविण्यास मातेच्या पस्तिशीखेरीज दुसरा आधार दीर्घकाळ नव्हता. आणि बहुसंख्य माता तरुण असल्यामुळे अशी बहुतेक बालके त्या कसोटीतून निसटत.

1992 साली लंडनच्या निकोलाइडिस यांनी गर्भाच्या मानेमागील द्रवाच्या जाडीचे महत्त्व दाखविले. तीस मातेच्या रक्तातील दोन द्रव्यांच्या मोजणीची, म्हणजे आपल्याकडील ‘डबल मार्कर’ची, जोड मिळून अकराव्या ते चौदाव्या आठवड्यांतली संयुक्त छाननी सिद्ध झाली. 2005 सालच्या मोठ्या अमेरिकन अभ्यासात अकराव्या आठवड्यातील या छाननीने शेकडा 87 बाधित गर्भ हेरले, मात्र शेकडा 5 निरोगी गर्भांवरही संशयाचा शिक्का मारला. सातशेंत एक हे प्रमाण धरले, तर दहा हजार गर्भवतींपैकी सुमारे चौदा जणींचे गर्भ बाधित असतील. त्यांतले बारा हेरले जातील, दोन निसटतील, आणि सुमारे पाचशे माता निष्कारण धास्तावतील.

आपल्या देशात गर्भजल परीक्षेचा उपयोग मुलींच्या गर्भांचा घात करण्यासाठी झाला, सबब 1988 साली महाराष्ट्राने व 1994 साली केंद्राने कायदा केला. उशिराच्या निदानाची किंमत 2017 साली दिसली: महाराष्ट्रातील एका महिलेस सव्विसाव्या आठवड्यात, गर्भास डाउन सिंड्रोम असूनही, सर्वोच्च न्यायालयाने गर्भपाताची परवानगी नाकारली. गर्भपाताच्या कायद्यातील 2021 च्या दुरुस्तीने गंभीर गर्भदोषाच्या प्रसंगी वैद्यकीय मंडळाच्या निर्णयाधीन मुदतीची अट शिथिल केली. तरीही लवकर मिळालेल्या माहितीचे मोल उणावत नाही.

2011 पासून उपलब्ध झालेली, मातेच्या रक्तातील डीएनएची परीक्षा शेकडा 99 हून अधिक बाधित गर्भ हेरते. तथापि तो डीएनए मुख्यत्वे वारेचा असल्याने तीही छाननीच होय, निदान नव्हे.

म्हणून दांपत्यांना कळकळीची विनंती आहे: कागदावरील ‘पॉझिटिव्ह’ वाचून खचू नका आणि ‘निगेटिव्ह’ वाचून हमी मिळाली असे मानू नका, आपला धोका किती जणींत एक, हे डॉक्टरांस विचारा, आणि वार वा गर्भजल यांच्या गुणसूत्र-परीक्षेने खातरजमा झाल्यावाचून गर्भाविषयी कोणताही अखेरचा निर्णय घेऊ नका.