क्योटोचीं देवालयें आणि राजवाडे

इ. स. ७९४ मध्यें सम्राट कम्मू यानें जपानची राजधानी ज्या नगरींत आणली, तीच आजची क्योटो. १८६९ मध्यें सम्राट टोकियोस राहावयास गेले, तोंपर्यंतचा बहुतेक सारा काळ राजगादी येथेंच होती. अर्थात् हजार वर्षांच्या वास्तू पाहावयास मिळतील, या अपेक्षेनें प्रवासी येथें येतो. परंतु वाटाड्या एकेका इमारतीचें साल सांगूं लागला, कीं तो बुचकळ्यांत पडतो. क्योटोचें जुनें बांधकाम मुख्यतः लांकडाचें आहे, आणि लांकडाचा वैरी जो अग्नि त्यानें या शहराला पुनःपुन्हां गांठलें आहे. १४६७ ते १४७७ पर्यंत चाललेल्या ओनिनच्या यादवींत तर नगराचा बहुतेक भाग भस्मसात् झाला.

शहराच्या पूर्वभागांतील संजुसांगेंडो हें मंदिर ११६४ मध्यें उभारलें गेलें, १२४९ मध्यें जळालें आणि १२६६ मध्यें पुनः बांधलें गेलें. त्याच्या सुमारें ४०० फूट लांबीच्या दालनांत कान्नोन या करुणामय देवतेच्या १००१ मूर्ति आहेत : मध्यें एक भव्य बैठी, आणि भोंवतीं हजार उभ्या. यांतील १२४ मूर्ति आगींतून वांचलेल्या असून बाकीच्या बहुतेक सर्व त्यानंतर नव्यानें कोरलेल्या आहेत. कान्नोन म्हणजे भारतीय बौद्धांचा अवलोकितेश्वर. कान्हेरीच्या ४१ व्या लेण्यांतील अकरा मस्तकांचा अवलोकितेश्वर ज्यानें पाहिला असेल, त्याला येथें ओळख पटावयास वेळ लागत नाहीं. तिकडे देव खडकांत कोरला, म्हणून एकदांच. इकडे लांकडांत कोरला, म्हणून पुनःपुन्हां.

जवळच डोंगरउतारावर कियोमिझू मंदिर आहे. त्याचा प्रसिद्ध सज्जा सुमारें ४० फूट उंचीच्या खांबांवर तोललेला असून खांब व तुळया खिळ्यांवांचून एकमेकांत गुंतविल्या आहेत. ही इमारत १६३३ ची. तिचें छप्पर हिनोकी वृक्षाच्या सालीचें. कांहीं दशकांनीं तें उतरवून नवें घालावें लागतें. २०१७ ते २०२० या काळांत तें असेंच बदललें गेलें. छप्पर टिकत नाहीं, म्हणूनच तें घालण्याची विद्या टिकते. कारण प्रत्येक पिढीला ती शिकावीच लागते. अशा काष्ठवास्तूंच्या जतनाचें कौशल्य २०२० मध्यें युनेस्कोनें मानवजातीच्या अमूर्त वारशांत समाविष्ट केलें.

राजवाड्यांचीहि हीच कथा. सम्राटांचा गोशो हा प्रासाद १८५४ च्या आगीनंतर १८५५ मध्यें प्राचीन धाटणीनेंच पुनः उभारला गेला. निजो किल्ला १६०३ मध्यें तोकुगावा इएयासु यानें बांधविला. तेथील ओसऱ्यांवर पाऊल पडतांच फळ्यांखालच्या लोखंडी पकडी खिळ्यांवर हलतात, आणि पांखरांच्या किलबिलीसारखा आवाज होतो. याच वाड्यांत १८६७ मध्यें शेवटचा शोगुन योशिनोबू यानें राज्याधिकार सम्राटांना परत करण्याचा निर्णय सरदारांच्या प्रतिनिधींस कळविला.

वायव्येकडील सुवर्णमंदिराचा, म्हणजे किंकाकुजीचा, इतिहास अधिक हृदयद्रावक आहे. १९४५ मध्यें अणुबाँबच्या लक्ष्यांत क्योटोचें नांव होतें. अमेरिकेचे युद्धमंत्री स्टिमसन यांनीं आग्रह धरून तें काढविलें. महायुद्धांतून सुखरूप राहिलेलें हें मंदिर २ जुलै १९५० रोजीं तेथीलच एका तरुण भिक्षूनें लावलेल्या आगींत जळून गेलें. परंतु पूर्वींच्या दुरुस्तीच्या वेळीं काढलेले नकाशे शिल्लक होते. त्यांच्या आधारें १९५५ मध्यें तें पुनः उभें राहिलें.

तळ्यांत त्याचें सोनेरी प्रतिबिंब पाहतांना “हें खरें जुनें कीं नवें?” असा प्रश्न प्रवाशाच्या मनांत येतो. लांकूड नवें आहे, आकार जुना आहे. आणि दोहोंना जोडणारा सुताराचा हात मात्र कधींच थांबलेला नाहीं. क्योटोचें प्राचीनत्व आहे तें या हातांत.