मृत समुद्र कोरडा पडेल काय?

जॉर्डन देशाच्या पश्चिम सीमेवरील मृत समुद्र हे खरे तर एक सरोवर आहे. जॉर्डन नदी त्याला मिळते. त्यातून मात्र एकही नदी बाहेर पडत नाही. पाण्याची वाफ होते, क्षार मागे राहतात. समुद्राच्या एक किलोग्रॅम पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. येथे सुमारे ३४० ग्रॅम!

नदीचे पाणी शेतीसाठी व पिण्यासाठी वळवल्यामुळे सरोवराची पातळी आता दरवर्षी एक मीटरहून अधिक खाली जाते. मग ते पार आटेल काय?

शास्त्रज्ञांचे गणित सांगते, नाही. द्रावण संपृक्त झाले, की मिठाचे स्फटिक तळाशी बसतात. द्रावणात उरतात ती मुख्यतः मॅग्नेशियम व कॅल्शियम यांची क्लोराइडे. पावसाळ्यात साधे मीठ ओलसर होते, ते बहुतांशी त्यात मिसळलेल्या मॅग्नेशियम क्लोराइडामुळे. हे क्षार पाण्याचे रेणू धरून ठेवतात. त्यामुळे पाणी जसजसे आटते, तसतसे बाष्पीभवन मंदावते. अखेर जेवढे पाणी उडेल तेवढेच येऊन मिळेल. सरोवर आक्रसेल, पण उरेल.

तुम्हीही पडताळा पाहा. दोन बशांत सारखेच पाणी घ्या. एकीत विरघळेल तेवढे मीठ घाला. कोणती बशी आधी कोरडी पडते?