वेल्ह्याच्या पावसाला पांढरी रेघ

पाऊस चितारायचा म्हणजे नेमकं काय चितारायचं? दोन मिलिमीटरचा थेंब सेकंदाला सहा-सात मीटर वेगानं खाली येतो. डोळ्याला तो टिपता येत नाही, दिसते ती त्याची लांबट रेघ. वारा वाढला की ती कलते. वारा थेंबाइतकाच वेगानं वाहू लागला तर थेट पंचेचाळीस अंशांत. म्हणजे पावसाच्या चित्रातली रेघ जुन्या वाऱ्याची नोंदही असते!

डच चित्रकार रेम्ब्रांटनं १६४३ साली ‘तीन झाडं’ हे चित्र तांब्याच्या पत्र्यावर सुईनं कोरून, आम्लात खाववून छापलं. जेमतेम २१ बाय २८ सेंटिमीटरचं. डाव्या कोपऱ्यात, वर, पट्टी लावून ओढाव्यात तशा तिरप्या काळ्या रेघा. मधे ढगांची घुसळण, उजवीकडे उजेडासमोर तीन झाडं. वादळ सरतंय, असं मला वाटतं. खरी गंमत खाली आहे. एक माणूस पाण्यात गळ टाकून बसलाय, शेजारी बाई. टेकाडावरून गाडी चाललीय. तिथंच कुणी चित्र काढत बसलंय. आणि उजव्या झुडपाच्या गडद सावलीत एक जोडपं दडलंय, ते चटकन सापडतच नाही. आभाळ फाटलं तरी कामं थांबलेली नाहीत.

हे आपल्याकडे कुणाला सांगावं लागत नाही. आषाढात पुणे जिल्ह्यातल्या वेल्ह्यात भाताची लावणी चालते ती अशाच झडीत, पाठीवर इरलं नाहीतर डोक्यावरून खोळ घेऊन. पण हॉलंडच्या सपाटीवर पाऊस कोसांवरून येताना दिसतो. भोर-वेल्ह्यात ढग सह्याद्रीला धडकून वर चढतात, गार होतात आणि डोक्यावरच रिते होतात. क्षितिज नाहीच. १४०३ मीटरचा तोरणा पायथ्याच्या गावालाही दिवसेंदिवस दिसत नाही.

आणि ढग जरा हटून कडा उघडा पडला, की त्याच्यापुढचा पाऊस पांढरा दिसतो. प्रत्येक थेंब आभाळाच्या मोठ्या पट्ट्यातला उजेड वाकवून आपल्या डोळ्यांकडे धाडतो आणि मागे उभा असतो काळा पाषाण. उजळ आभाळापुढे मात्र तोच थेंब जवळजवळ नाहीसा होतो. तेव्हा वेल्ह्याचा पाऊस काढणाऱ्यानं काम उलट करावं: आधी कडा कोळशानं काळा भरावा, मग खोडरबराच्या धारेनं त्यातून पाऊस पुसून काढावा.