टूलची हिरवी खूण नेमके काय सांगते?

एखाद्या संस्थेचे डोमेन ऑनलाइन तपासणी टूलमध्ये टाकावे, ‘डीमार्क नोंद सापडली’ असे हिरव्या अक्षरांत उमटावे आणि आता आपल्या नावाने कोणी खोटा ईमेल पाठवू शकणार नाही, असे धरून चालावे, हे फार वेळा घडते. यात टूल खोटे बोलत नाही. त्याच्या उत्तरातून आपण नको तेवढा अर्थ काढतो. डीमार्क म्हणजे आपल्या नावाने आलेला ईमेल खरा आहे का, हे पडताळण्याची आणि नापास ईमेलचे काय करायचे ते सांगण्याची पद्धत. टूल डीएनएसमधली, म्हणजे डोमेनच्या जाहीर नोंदवहीतली, नोंद वाचते आणि ती नियमाप्रमाणे लिहिली आहे का, ते पाहते. संरक्षण मिळते की नाही, हे मात्र त्या नोंदीत तीनपैकी कोणते धोरण लिहिले आहे त्यावर ठरते. ‘रिजेक्ट’ म्हणजे तपासणीत नापास झालेला ईमेल स्वीकारू नका. ‘क्वारंटाइन’ म्हणजे तो संशयित माना; असा ईमेल बहुधा स्पॅममध्ये जातो. ‘नन’ म्हणजे डीमार्कच्या निकालावरून काहीच कारवाई करू नका. ‘नन’ लिहिलेली नोंदही बिनचूक असते, त्यामुळे तिलाही हिरवी खूण मिळू शकते.

गुगल आणि याहू यांनी फेब्रुवारी २०२४पासून मोठ्या प्रमाणावर ईमेल पाठवणाऱ्यांना डीमार्क सक्तीचे केले. गुगलच्या लेखी मोठे प्रमाण म्हणजे जीमेल खात्यांकडे दिवसाला ५,००० संदेश. पण किमान अट ‘नन’ एवढीच होती, आणि ती पुरी झाली की विषय संपला असा समज त्यामुळे बळावला. मग ‘नन’ निरुपयोगी आहे का? अजिबात नाही. नोंदीत अहवालासाठी पत्ता दिलेला असेल, तर ईमेल स्वीकारणारे मोठे सर्व्हर आपल्या नावाने कुठून कुठून ईमेल आले, याचा गोषवारा पाठवतात. पगारपत्रके पाठवणारी बाहेरची सेवा, वर्गणीच्या पावत्या पाठवणारे सॉफ्टवेअर, असे विस्मरणात गेलेले प्रेषक त्यातूनच कळतात. म्हणजे ‘नन’ ही पाहणीची पायरी आहे. अमेरिकेच्या अंतर्गत सुरक्षा विभागाने ऑक्टोबर २०१७मध्ये तिथल्या नागरी सरकारी खात्यांना आदेश दिला, तेव्हा ‘नन’साठी ९० दिवस आणि ‘रिजेक्ट’साठी एक वर्ष अशी मुदत होती. पाहणीला अंतिम तारीख असावी लागते, हे त्यात नीट ओळखलेले दिसते.

दुसरा गैरसमज एसपीएफबद्दलचा. आपल्या वतीने कोणत्या सर्व्हरने ईमेल पाठवावा, याची ती यादी. मग ती असताना डीमार्क कशाला, असा प्रश्न येतो. त्याचे उत्तर ईमेलच्या जुन्या रचनेत आहे. १९८२मध्ये ईमेल पाठवण्याच्या एसएमटीपी या पद्धतीचा नियम लिहिला गेला तेव्हा पाठवणाऱ्याची ओळख पटवण्याची सोय त्यात नव्हती. शिवाय ईमेलला दोन प्रेषक असतात: एक पाकिटावरचा, दुसरा आतल्या कागदावरचा. एसपीएफ पाकीट तपासते, वाचणाऱ्याला दिसते ते कागदावरचे नाव. भामटा पाकिटावर स्वतःचे डोमेन घालून एसपीएफमध्ये रीतसर पास होतो आणि कागदावर बँकेचे नाव लिहितो. एसपीएफ किंवा डीकिम (ईमेलवरची डिजिटल सही) यांपैकी निदान एक पास झाले पाहिजे आणि त्यातले डोमेन कागदावरच्या नावाशी जुळले पाहिजे, ही डीमार्कची खरी भर. एसपीएफ तपासताना टूल खरोखर उपयोगी पडते ते वेगळ्याच ठिकाणी. तपासणीत डीएनएसकडे १०पेक्षा जास्त वेळा चौकशी करावी लागली, तर निकाल चूक म्हणून नोंदला जातो. सेवा वाढत गेल्या की ही मर्यादा नकळत ओलांडली जाते, आणि माणसाला हाताने मोजायला किचकट असा हा हिशेब टूल क्षणात मांडते.

हिरव्यावर जसा अतिविश्वास नको, तशी लाल रंगाची धास्तीही नको. ‘डीकिम सापडले नाही’ या निकालाने अनेक जण घाबरतात. डीकिमची किल्ली डीएनएसमध्ये ‘सिलेक्टर’ नावाच्या लेबलाखाली असते आणि ते लेबल पाठवणारा ठरवतो. टूलला ते माहीत नसेल तर ते प्रचलित नावे चाचपून पाहते आणि सापडले नाही तर तसे सांगते. खरी तपासणी एक ईमेल प्रत्यक्ष पाठवून, पोहोचलेल्या संदेशाच्या मूळ मजकुरातले एसपीएफ, डीकिम आणि डीमार्क हे तिन्ही निकाल वाचून होते.

‘रिजेक्ट’ लावले तर खरे ईमेलही हरवतील, हा आक्षेप मात्र गंभीर आहे. एप्रिल २०१४मध्ये याहूने ते लावले, तेव्हा मेलिंग लिस्टमधून जाणारे त्यांच्या ग्राहकांचे खरे संदेशही परत येऊ लागले. मध्ये कोणी संदेश पुढे पाठवला की एसपीएफ सहसा तुटते, आणि मजकुरात बदल केला की डीकिमही. माणसे पत्रव्यवहार करतात त्या डोमेनबाबत म्हणून सावकाशीने, अहवाल वाचत पुढे जाणेच योग्य. शिवाय हुबेहूब दिसणाऱ्या वेगळ्या डोमेनपुढे ‘रिजेक्ट’चेही काही चालत नाही, एक अक्षर बदलून घेतलेल्या डोमेनलाही स्वतःचे निर्दोष डीमार्क असू शकते. रिझर्व्ह बँकेने बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५पर्यंत ‘डॉट बँक डॉट इन’कडे जायला सांगितले, ते याच दुखण्यावर. जे डोमेन ईमेल पाठवतच नाही, जुन्या उपक्रमाचे किंवा नाव राखून ठेवण्यासाठी घेतलेले, त्याबाबत खरे ईमेल हरवण्याची अडचण उरत नाही. तिथे रिकामी एसपीएफ यादी आणि ‘रिजेक्ट’ आजच लावता येते, आणि तिथला टूलचा निकाल पुरेसा मानता येतो, कारण हरवण्यासारखा खरा ईमेलच नसतो.