आठ ग्लासांचा हट्ट

‘दिवसाला आठ ग्लास पाणी पोटात गेलंच पाहिजे, नाहीतर किडनी खराब होते.’ हे वाक्य सोसायटीच्या लिफ्टमध्ये, लग्नाच्या पंगतीत आणि घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर इतक्यांदा ऐकलंय, की आता चीड येते. हल्ली तर आठाचे बारा झालेत. बाटलीवर तासातासाच्या रेघा असतात आणि तहान नसली तरी रेघ गाठायची असते. याला म्हणायचं स्वतःची काळजी!

हा आकडा आला कुठून? अमेरिकेच्या फूड अँड न्यूट्रिशन बोर्डाने १९४५ मध्ये प्रौढांसाठी दिवसाला साधारण अडीच लिटर पाण्याचं प्रमाण सुचवलं. बहुधा तिथूनच हा नियम निघाला. पण त्याच मजकुरात पुढे म्हटलं होतं, की यातलं बहुतेक पाणी शिजवलेल्या अन्नातूनच मिळतं. आकडा जगभर फिरला, पुढचं वाक्य मागेच राहिलं. आपल्या ताटातलं वरण, आमटी, ताक सोडाच, शिजलेल्या भातातही निम्म्याहून जास्त पाणीच असतं. डार्टमथ मेडिकल स्कूलचे शरीरशास्त्रज्ञ हाइन्झ व्हाल्टिन यांनी २००२ मध्ये या आठ ग्लासांमागचा शास्त्रीय पुरावा शोधला. निरोगी प्रौढांसाठी तसा पुरावा त्यांना सापडला नाही.

सर्वांना लागू पडेल असा आकडा मुळात नाहीच. २३ देशांतल्या ५,६०४ जणांच्या शरीरातल्या पाण्याच्या उलाढालीचा अभ्यास २०२२ मध्ये ‘सायन्स’मध्ये आला. वय, शरीराची ठेवण, श्रम, हवामान, गरोदरपण, सगळ्यांनुसार गरज बदलते. मे महिन्यात चंद्रपूरला रस्त्यावर खडी टाकणारा मजूर आणि पुण्यात एसीत बसणारा कारकून यांना एकच माप कसं लावणार?

‘जास्त प्यायलं तर बिघडतं काय?’ बिघडतं. किडनीला तासाला जेमतेम लिटरभर पाणी बाहेर टाकता येतं. त्याहून वेगाने पीत राहिलं, की रक्तातलं सोडियम पातळ होतं. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमधल्या ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं, तर १३ टक्क्यांचं सोडियम घसरलेलं होतं. धावताना भरपूर पाणी पिणाऱ्यांना हा धोका जास्त होता. आणि डायलिसिसवर असलेल्या किंवा हृदय कमजोर झालेल्या माणसाला डॉक्टरांनी पाणी मोजून दिलेलं असतं. त्याला आग्रहाने तांब्या पाजणं म्हणजे त्याच्या जिवाशी खेळ.

उलट बाजूही आहे. मुतखडा झालेल्यांनी जास्त पाणी प्यायलाच हवं. दिवसाला अडीच लिटर लघवी होईल इतकं. म्हाताऱ्या माणसांना तहान उशिरा कळते, त्यांना आठवण करावी लागते. ऊसतोडीला गेलेल्या कित्येक बायका आडोसा नाही म्हणून दिवसभर घोटही टाळतात. त्यांना सल्ला नको, संडास हवेत.

उरलेले गैरसमज झटपट:

उभ्याने पाणी प्यायलं की गुडघे जातात. – पाणी जातं पोटात, गुडघ्यात नाही.

चहा-कॉफी पाण्यात धरत नाहीत. – रोज पिणाऱ्यांच्या बाबतीत धरतात; साखर मात्र वेगळी मोजा.

सकाळी उपाशीपोटी लिटरभर पाण्याने शरीरातलं विष धुतलं जातं. – ते काम लिव्हर आणि किडनी दिवसरात्र करतात, सकाळची वाट बघत नाहीत.

लघवी पिवळीधमक म्हणजे पाणी कमीच. – बहुतेकदा खरं. पण बी-कॉम्प्लेक्सची गोळी घेतली असेल तरी ती पिवळीच होते.

निरोगी माणसाने तहान लागली की प्यावं, उन्हात आणि घाम गाळताना थोडं जास्त प्यावं, लघवीच्या रंगाकडे लक्ष ठेवावं. आजार असेल तर आपलं माप आपल्या डॉक्टरांना विचारावं. आणि दुसऱ्याचे ग्लास मोजणं कृपा करून थांबवावं.