इतिहासाचा पेपर आणि आजोबांचा दाखला

दहावीचे वर्ष आले की आपल्या घराघरांत गणित, विज्ञान आणि इंग्रजीची काळजी सुरू होते. ऐपत नसली तरी पोटाला चिमटा घेऊन शिकवणी लावली जाते. इतिहासाचे पुस्तक मात्र परीक्षेच्या आदल्या रात्री उघडते. चाळीस गुणांचा तर पेपर, सनावळ्या पाठ केल्या की झाले, असे मुले म्हणतात आणि आईवडीलही मान डोलावतात. नंदुरबार जिल्ह्यातील आपल्या बंधुभगिनींना आम्ही विचारतो : ज्या समाजाचा इतिहास इतरांनी शतकानुशतके लिहिलाच नाही, त्या समाजाला या विषयाकडे पाठ फिरवणे परवडेल काय?

आधी रोजच्या व्यवहाराचेच पाहू. मुलाच्या प्रवेशासाठी जातीचा दाखला आणि पडताळणी करायची वेळ आली की १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा शोधावा लागतो. मग घरातली पत्र्याची पेटी उघडते. आजोबांचा किंवा पणजोबांचा शाळेचा दाखला, जन्म-मृत्यूच्या नोंदीची नक्कल, वतनाचा एखादा कागद यांची शोधाशोध होते. त्यावर जिल्हा 'पश्चिम खानदेश' असा लिहिलेला असतो आणि नातू गोंधळतो. १९०६ साली खानदेशाचे पूर्व व पश्चिम असे दोन जिल्हे झाले, पश्चिम खानदेशाचा पुढे धुळे जिल्हा झाला आणि १ जुलै १९९८ रोजी त्यातून नंदुरबार वेगळा झाला, हे ज्याला ठाऊक आहे तो गोंधळत नाही. आजोबांच्या कागदावर 'महार' आणि आपल्या तोंडी 'बौद्ध' असे का, याचे उत्तरही इतिहासातच आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी धम्मदीक्षा दिली. परंतु केंद्राच्या अनुसूचित जातींच्या सवलती बौद्धांना मिळायला १९९० साल उजाडावे लागले. मधल्या चौतीस वर्षांत किती मुलांच्या संधी हुकल्या असतील, याचा विचार घरातल्या शिकत्या मुलाने करायला नको का?

पाठ्यपुस्तकात ज्याला 'लिखित साधन' म्हणतात, ते म्हणजे हाच पेटीतला कागद. आपल्या कितीतरी आजींनी शाळेचे तोंडही पाहिले नाही; त्यांच्या नावे कागद नाही. पण वतनाची कामे कोणती होती, पाणी कुठून आणावे लागे, घरातले देव कोणत्या साली बाहेर काढले, हे त्यांना आठवते. ते 'मौखिक साधन'. आजी गेली की ते साधनही गेले.

२०१८ साली आलेल्या दहावीच्या पुस्तकाची सुरुवातच इतिहास कसा लिहितात या प्रकरणांनी झाली. त्यात वंचितांच्या इतिहासाच्या संदर्भात महात्मा फुले आणि बाबासाहेब यांची नावे आली. बाबासाहेब घटनाकार म्हणून मुलांना माहीत असतात. इतिहासकार म्हणून फारसे नसतात. शूद्र पूर्वी कोण होते, या प्रश्नावर त्यांनी १९४६ साली ग्रंथ लिहिला आणि तो महात्मा फुल्यांना अर्पण केला. अस्पृश्यतेच्या उगमावरचा ग्रंथ १९४८ साली आला. तो नंदनार, रविदास आणि चोखामेळा यांना अर्पण केलेला आहे. सांगितले ते मुकाट मान्य न करता पुरावा मागायचा, दोन पुरावे समोरासमोर ठेवायचे, ही त्यांची रीत. त्याही आधी, १८५५ साली, फुले दांपत्याच्या शाळेतील मुक्ता साळवे या विद्यार्थिनीने मांग-महारांच्या दुःखावर निबंध लिहिला आणि तो 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. तिचे वय आपल्या आठवी-नववीतल्या मुलींएवढेच होते.

आता आपल्या जिल्ह्याकडे वळू. नंदुरबार शहरातील शिरीषकुमारांचे स्मारक सर्वांना ठाऊक आहे. ९ सप्टेंबर १९४२ रोजी गोळीबारात शिरीषकुमार मेहता, लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर आणि घनश्यामदास शहा हुतात्मा झाले. शिरीषकुमारांना सोळावे वर्षही पूर्ण झाले नव्हते. परंतु त्यानंतर सहाच महिन्यांनी, २ मार्च १९४३ रोजी, तळोदे भागातील रावलापाणी येथे आदिवासी बांधवांवर गोळीबार झाला, हे किती मुलांना सांगता येईल? ते गुलाम महाराजांचे अनुयायी होते. दारू सोडा, स्वच्छ राहा आणि एकमेकांना 'आप' म्हणा, ही त्यांची शिकवण. ज्यांना सारे जग अरेतुरे करीत होते, त्यांनी एकमेकांना मान द्यायला सुरुवात केली. 'जयभीम' म्हणणाऱ्या माणसाला याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. त्याच तारखेला, २ मार्च १९३० रोजी, नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला होता. दोन्ही घटना एका पानावर लिहून पाहा. आपले आणि आदिवासी बांधवांचे नाते मुलाला आपोआप कळेल. तसेच ३१ जुलैला धुळ्याजवळ लळिंगच्या लांडोर बंगल्यावर लोक का जमतात, हेही मुलांना विचारा. १९३७ साली त्या दिवशी कोर्टाच्या कामासाठी धुळ्याला आलेले बाबासाहेब तेथे थांबले होते.

यासाठी फार खर्च नको. शंभर पानी वही घ्या. एका बाजूला देशातील घटनांची सनावळी, दुसऱ्या बाजूला आपल्या घराची : पणजोबांचा जन्म, गाव कधी सोडले, घरात पहिली मुलगी शाळेत कधी गेली, दीक्षा कोणी व कुठे घेतली. आईने आजीला प्रश्न विचारावेत, मुलाने लिहून घ्यावे. पेटीतल्या जुन्या कागदांच्या नकला काढून ठेवाव्यात. रविवारी विहारात वंदना झाल्यावर एका मुलाने आपल्या वहीतील एक पान वाचून दाखवावे. ज्येष्ठांची चूक मुले दुरुस्त करतील, मुलांची ज्येष्ठ करतील.

एवढे केलेल्या मुलाला सनावळ्या पाठ कराव्या लागणार नाहीत, कारण प्रत्येक सनाशेजारी त्याच्या घरातले एखादे माणूस उभे असेल. चाळीस गुणांचा पेपर तर तो सोडवीलच. आणि उद्या कोणी त्याला 'तुमचा कसला आलाय इतिहास?' असे विचारले, तर तो मान खाली घालणार नाही. वही उघडून दाखवील.