परिशिष्टात नसलेला रोग

एखाद्या कारखान्याविरुद्ध रोगग्रस्त कामगाराची फिर्याद न्यायासनापुढे येते, तेव्हा बचावाची खरी तजवीज बहुधा फार आधी, दप्तरातल्या पत्रव्यवहारात, होऊन गेलेली असते. ती कशी होते हे पाहावयाचे असेल, तर इंग्लंडातील रॉचडेल येथील टर्नर ब्रदर्स ॲस्बेस्टॉस कंपनीची एक जुनी हकीकत पाहावी.

नेली कर्शॉ ही तेथील कामगार स्त्री. ॲस्बेस्टॉसच्या तंतूंचे सूत कातणे हे तिचे काम, आणि त्या खात्यातली धूळ श्वासावाटे आत घेणे हे त्या कामाचेच एक अंग. १९२२ च्या जुलैत तिला काम सोडावे लागले, तेव्हा डॉक्टरांनी दाखल्यावर ॲस्बेस्टॉसची विषबाधा असे स्पष्ट नमूद केले. हा आजार धंद्यातून उद्भवलेला, सबब पैसे मालकाने द्यावेत, असे म्हणून आजारविम्याच्या संस्थेने हात झटकले. आणि कामगार नुकसानभरपाईच्या कायद्यास जोडलेल्या परिशिष्टात असा रोगच नाही, सबब आपण काही देणे लागत नाही, असा जबाब मालकाने दिला. कंपनीच्या पत्रांत जाणवते ती हिशेबी भीती: एकीला दिले, तर तोच पायंडा पडून उद्या सारे खाते दाराशी उभे राहावयाचे.

१४ मार्च १९२४ रोजी, वयाच्या ३३ व्या वर्षी, ती वारली. अंत्यविधीच्या खर्चाला कंपनीने हातभार लावला नाही. मृत्यूच्या चौकशीस कंपनीचे वकील मात्र हजर होते. फुप्फुसांत जुन्या क्षयाचे व्रणही निघाले होते, आणि असा दुसरा रोग हाती लागणे ही बचावपक्षाला केवढी पर्वणी असते, हे कोर्टकचेरीत वावरणारी मंडळी जाणतात. परंतु डॉ. विल्यम कुक यांनी फुप्फुसांत सापडलेले खनिजाचे कण सूक्ष्मदर्शकाखाली ॲस्बेस्टॉसच्या धुळीशी ताडून पाहिले होते, आणि मृत्यूचे मूळ त्या धुळीतच आहे, असा निर्वाळा त्यांनी दिला. कुटुंबाच्या पदरात तरीही काही पडले नाही.

१९३० साली सरकारी वैद्यकीय निरीक्षक मेरेवेदर यांनी तपासलेल्या ३६३ कामगारांपैकी चौथाईहून अधिकांना हाच विकार आढळला, तेव्हा कुठे पुढल्या वर्षी धुळीविषयीचे नियम झाले.

आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली ॲस्बेस्टॉस कामगारांच्या दाव्यात आज्ञा केली, की प्रत्येकाच्या प्रकृतीची नोंद कामास लागल्यापासून किमान ४० वर्षे जपून ठेवावी. कारण हा रोग पुष्कळदा दोन-तीन तपे दबा धरून बसतो, आणि तो उघड होईतो कामगाराजवळ हजेरीचा कागदसुद्धा उरलेला नसतो.